महाकाव्यातला वीर कशाने घडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं ग्रीक महाकाव्य इलियड आणि आपलं महाभारत वाचायला घेणाऱ्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. भर या दोन ग्रंथांवर आहे. प्राचीन मेसोपोटेमियातलं गिल्गमेश, होमरचंच ओडिसी आणि रामायण लागतील तिथे येतील. महाभारतातली जागा पर्वाच्या नावाने सांगितली आहे, होमरची सर्गाच्या क्रमांकाने, म्हणजे कुठल्याही भाषांतरात ती सापडेल.

नायक आणि वीर एकच का?

नाही. पहिली गल्लत इथेच होते. नायक हा साहित्यशास्त्रातला शब्द. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त महाकाव्याची व्याख्या करताना नायकाला अटीच घातल्या: तो देव असावा किंवा चांगल्या कुळातला क्षत्रिय असावा, आणि धीरोदात्त, म्हणजे धीरगंभीर आणि उदात्त, असावा. ही व्याख्या सर्गबद्ध, रेखीव काव्यांच्या मापाने बेतलेली आहे. ती महाभारताला लावायला गेलं की जुळत नाही, कारण तिथे अर्जुन, युधिष्ठिर, कृष्ण, भीष्म, कर्ण यांपैकी कुणा एकावर बोट ठेवता येत नाही.

वीर हा शब्द वेगळा. त्याचा संबंध माणूस काय करतो आणि कशाच्या मोबदल्यात करतो याच्याशी आहे. ग्रीकांचा ‘हिरोस’ तर आणखी वेगळा. होमर हा शब्द ट्रॉयला लढणाऱ्यांसाठी सढळपणे वापरतो, पण पुढच्या काळातल्या ग्रीकांसाठी हिरोस म्हणजे मेलेला, थडग्यापाशी पुजला जाणारा पुरुष. त्याला बळी देताना रक्त जमिनीत मुरू देत. ग्रीक कवी हेसिअडने मानवजातीच्या पाच पिढ्या सांगितल्या: सोनं, रुपं, कांसं, मग वीर, मग लोखंड. त्यातल्या फक्त वीरांच्या पिढीला धातूचं नाव नाही. थीब्ज आणि ट्रॉयच्या युद्धांत ती संपली, असं तो म्हणतो.

मग वीर कशाने घडतो? ताकदीने?

ताकद लागतेच, पण तेवढी पुरत नाही. पुढे काय वाढून ठेवलं आहे हे ठाऊक असूनही जो पाऊल मागे घेत नाही, तो महाकाव्याचा वीर. ‘ठाऊक असूनही’ यावर सगळं अवलंबून आहे. तीन जागा शेजारी ठेवून वाचा.

पहिली, इलियडचा बारावा सर्ग. ट्रॉयच्या बाजूने लढणारा सार्पेडॉन आपल्या सोबत्याला, ग्लॉकसला विचारतो: आपल्या मुलखात आपल्याला मानाची जागा, मांसाचा चांगला वाटा, भरलेले प्याले आणि नदीकाठची सुपीक जमीन का मिळते? पुढच्या रांगेत उभं राहतो म्हणून. मग तो म्हणतो, या लढाईतून सुटून आपण अजरामर होणार असतो, तर मी पुढे गेलोच नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. पण मरण सगळीकडून घेरून आहेच, तेव्हा चल. वीराची यापेक्षा नेमकी व्याख्या ग्रीक काव्यात सापडणं कठीण. देव अमर आहेत, म्हणून ते वीर होऊ शकत नाहीत.

दुसरी, नववा सर्ग. आई थेटिस या देवीने सांगून ठेवलेल्या दोन वाटा ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीज उघड बोलून दाखवतो. ट्रॉयला थांबला तर घरी परतणं नाही, पण कीर्ती अक्षय. परतला तर कीर्ती नाही, पण आयुष्य लांब.

तिसरी, वनपर्वातलं कुंडलाहरण. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन कवचकुंडलं मागणार आहे, हे सूर्य कर्णाला आधीच सांगतो. आपण जिवापेक्षा कीर्ती पत्करतो, असं कर्ण म्हणतो. सूर्याचा प्रतिवाद फार जिव्हारी लागणारा आहे: राख झालेल्याला कीर्तीचा काय उपयोग? मेलेल्याची कीर्ती म्हणजे प्रेताच्या गळ्यातली माळ. कर्ण ऐकतो, आणि तरीही देतो. फसवला गेला म्हणून दिलं, असं सांगणाऱ्या आवृत्त्या या प्रसंगातला प्राणच काढून घेतात.

कीर्तीचा एवढा सोस का?

कारण कीर्ती म्हणजे ऐकलं जाणं. अकिलीज जिला ‘क्लेओस आफ्थितॉन’ म्हणतो ती अक्षय कीर्ती, आणि ऋग्वेदातलं ‘श्रवः अक्षितम्’, ही दोन्ही पदं एकमेकांची भावंडं आहेत. क्लेओस आणि श्रवस् यांचा धातू एकच, आपल्या ‘श्रवण’ शब्दातला. आडालबर्ट कून या जर्मन भाषाभ्यासकाने हे साम्य १८५३ मध्ये दाखवलं. लिहिणं नव्हतं तेव्हा माणूस टिकायचा तो गाणाऱ्याच्या तोंडी आणि ऐकणाऱ्याच्या कानी. म्हणून वीर आणि गायक एकमेकांवाचून अपुरे. नवव्या सर्गात युद्ध सोडून बसलेल्या अकिलीजला मनवायला दूत तंबूत शिरतात तेव्हा तो काय करत असतो? तंतुवाद्य घेऊन वीरांच्या कीर्तीची गाणी गात असतो.

मात्र दुसरी बाजूही त्याच परंपरेत आहे. ओडिसीच्या अकराव्या सर्गात मृतांच्या लोकात भेटलेला अकिलीज म्हणतो, मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा पृथ्वीवर एखाद्या भूमिहीन माणसाकडे मजुरी केलेली बरी. हे वाक्य आणि सूर्याचं वाक्य पाठोपाठ वाचून पाहा.

एका दासीवरून अकिलीज युद्ध सोडून बसतो. हा हट्टीपणा नव्हे का?

त्या समाजाचा हिशोब समजून घेतला की तसं वाटत नाही. होमरच्या जगात मान हा मनात ठेवायचा भाव नसतो, तो दिसावा लागतो. त्यासाठी लूट वाटताना सैन्याकडून खास वाटा मिळतो. त्याला ‘गेरास’ म्हणतात. ब्रिसीस ही दासी हा अकिलीजचा गेरास. ग्रीक सैन्याचा प्रमुख राजा ॲगमेम्नॉन याला आपला वाटा, क्रिसीस, तिच्या बापाकडे परत पाठवावी लागते, तेव्हा तो अकिलीजचा उचलतो. म्हणजे जीव धोक्यात घालायचा आणि त्याबदल्यात मान मिळायचा, हा सार्पेडॉनने सांगितलेला करार राजानेच मोडला. ब्रिसीसला या व्यवहारात कुणी काही विचारत नाही, हेही तितकंच खरं. तिचा स्वतःचा आवाज एकोणिसाव्या सर्गात, अकिलीजचा मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतापाशी ऐकू येतो.

मग भरपाई देऊ केल्यावरही तो का ऐकत नाही? यादी डोळे दिपवणारी आहे: ७ तिवया, १० टॅलेंट सोनं, २० कढया, १२ घोडे, ७ स्त्रिया आणि ब्रिसीस, पुढे ७ नगरं आणि राजकन्या. ही यादी दूत म्हणून आलेला ओडिसियस जशीच्या तशी म्हणून दाखवतो, पण ॲगमेम्नॉनचं शेवटचं बोलणं गाळतो: मी अधिक मोठा राजा आहे, त्याने माझ्यापुढे नमावं. अकिलीजने ते ऐकलेलं नाही, तरी तो उत्तराची सुरुवात करतो ती अशी, की मनात एक ठेवून दुसरं बोलणारा माणूस मला यमाच्या दारासारखा नकोसा वाटतो. ही जागा मूळ यादीसमोर ठेवून, दोन्ही पानं उघडी ठेवून वाचावी. घाईत वाचणाऱ्यांच्या हातून ती नेमकी निसटते.

वीर चांगला माणूस असावा लागतो का?

लागत नाही. अकिलीज ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याचं प्रेत रथाला बांधून फरफटत नेतो आणि पॅट्रोक्लसच्या चितेवर बारा ट्रोजन तरुण कापतो. कवी ते लपवत नाही. दुर्योधन शेवटपर्यंत सुईच्या अग्राएवढी जमीन देत नाही, तरीही स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला तो स्वर्गात तेजाने झळकत बसलेला दिसतो, कारण क्षत्रियधर्माने लढत तो मेला. युधिष्ठिर संतापतो, आणि वाचकही. या संतापाची सोय कवीनेच करून ठेवली आहे.

कर्णाला मराठी वाचक इतका जवळचा मानतो. मूळ महाभारतातला कर्ण तसाच आहे का?

अर्धा. मराठी कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी कर्णावर झालेला अन्याय उजळ केला आणि त्याचे अपराध पुसट केले. मूळ संहिता दोन्ही सांगते.

इथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीची मदत घ्यावी. काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९६६ मध्ये पुरं झालं. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत प्रमुख संपादक होते. शेकडो हस्तलिखितं ताडून, सर्व परंपरांना समान असलेला पाठ वर आणि उरलेलं तळटीपांत व परिशिष्टांत, अशी मांडणी आहे. ती समोर ठेवली की काही गोष्टी लख्ख होतात. स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ असं द्रौपदी म्हणते, हे मुख्य पाठात नाही. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे टोमण्याचं वाक्य तर संस्कृत महाभारतातलं नव्हेच. म्हणजे द्रौपदीच्या अपमानाला तिनेच दिलेलं कारण, असा जो जमाखर्च लोक मांडतात, त्याची जमेची बाजू नंतर लिहिलेली आहे.

खर्चाची बाजू मात्र पक्की आहे. सभापर्वात कर्ण द्रौपदीला बंधकी, म्हणजे वेश्या, म्हणतो आणि तिची वस्त्रं काढायला सांगतो. घोषयात्रेत गंधर्वांपुढे तो पळतो आणि दुर्योधन कैद होतो. विराटाच्या गाई हाकताना तो अर्जुनाकडून हरतो.

असं असूनही तो वीर का? उद्योगपर्व वाचा. कृष्ण त्याला एकट्याला गाठून सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, राज्य तुझं आहे. कर्ण नाकारतो: अधिरथाने आणि राधेने वाढवलं, राधेला माझ्यासाठी पान्हा फुटला, दुर्योधनाने विश्वास टाकला. पुढे तो म्हणतो, हे युधिष्ठिराला सांगू नकोस, तो राज्य माझ्या हवाली करील आणि मी ते दुर्योधनाला देईन. आपली बाजू हरणार हे तो तिथेच बोलून दाखवतो, आणि पांडवांना लागट बोलल्याचा पश्चात्तापही. राज्य, भाऊ, जीव हे सगळं एका बाजूला, दिलेला शब्द दुसऱ्या बाजूला. कर्णाचं वीरपण या संवादात आहे. रथाचं चाक रुतण्याच्या प्रसंगात ते शोधू नये.

युद्धाची वर्णनं कंटाळवाणी वाटतात. ती कशी वाचावी?

साचा ओळखला की कंटाळा जातो. इलियडमध्ये एखाद्या वीराच्या ऐन भराच्या वेळेला ‘अरिस्तेइआ’ म्हणतात. तिचे टप्पे साधारण ठरलेले: शस्त्रं चढवणं, शत्रूची फळी फोडणं, जखम किंवा माघार, देवाकडून पुन्हा बळ, मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी गाठ, आणि शेवटी प्रेतावरून झुंज. पाचव्या सर्गात ग्रीक योद्धा डायोमिडीस जखमी होतो, अथीना देवीच्या बळावर उठतो आणि चक्क ॲफ्रोडाइटी आणि एरीस या देवांना घायाळ करतो.

शस्त्रं चढवण्याचा क्रमही ठरलेला: पोटऱ्यांची कवचं, छातीचं कवच, तलवार, ढाल, शिरस्त्राण, शेवटी भाला. साचा मोडतो तिथे थांबायचं. सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लस अकिलीजचं सगळं अंगावर चढवतो, पण पेलिऑन पर्वतावरच्या लाकडाचा तो जड भाला घेत नाही, कारण तो अकिलीजशिवाय कुणाला पेलत नाही. त्याचा शेवट काय होणार हे ऐकणाऱ्यांना तिथेच कळायचं.

महाभारतात यासाठी सेनापतींचे दिवस पाठ करा: भीष्म १०, द्रोण ५, कर्ण २, शल्य अर्धा. भीष्मपर्व ते शल्यपर्व ही वाट मग चुकत नाही. अभिमन्यू तेराव्या दिवशी, जयद्रथ चौदाव्या, त्याच रात्री घटोत्कच. घटोत्कच पडतो तेव्हा पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. हे विचित्र वाटलं तर वनपर्वाकडे परत जा: कवचकुंडलांच्या बदल्यात कर्णाने इंद्राकडून जी एकदाच वापरता येणारी शक्ती घेतली होती, ती अर्जुनासाठी राखलेली होती. ती आत्ता संपली.

देवच मदत करत असतील तर पराक्रम कुणाचा?

दोघांचा. होमरकडे देव पात्र माणसाच्याच पाठीशी उभा राहतो, भेकडाला वीर करत नाही. पहिल्या सर्गात अकिलीज तलवार उपसत असतो. अथीना मागून येऊन त्याचे सोनेरी केस धरते. ती कुणालाच दिसत नाही, फक्त त्याला. तलवार म्यानात ढकलणारा हात त्याचाच.

देव सोडून गेला की काय होतं, हे व्यासांनी सांगितलं. मौसलपर्वात कृष्ण गेल्यावर अर्जुन द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघतो, वाटेत लुटारू येतात. गांडीवाला दोरी चढवताना त्याची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत, अक्षय भाते रिकामे होतात. हातात काठ्या घेतलेले आभीर त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रियांना पळवून नेतात. वीराच्या उताराचं इतकं निष्ठुर चित्र दुसरीकडे क्वचितच असेल.

हेक्टर पळाला. तो वीर कसा?

बाविसावा सर्ग सावकाश वाचा. ट्रॉयच्या तटाभोवती अकिलीज त्याच्या मागे तीन फेऱ्या धावतो. वाटेत दोन झरे लागतात, एक ऊन पाण्याचा, एक गार. शेजारी दगडी डोण्या आहेत. ग्रीक येण्याआधी, सुखाच्या दिवसांत, ट्रॉयच्या बायका आणि लेकी तिथे कपडे धुवायच्या. कवी ऐन जीवघेण्या धावपळीत धुण्याच्या डोण्या दाखवतो, आणि हेक्टर कशासाठी लढत होता ते एका ओळीत कळतं. तो पळतो कारण तो माणूस आहे. चौथ्यांदा झऱ्याशी आल्यावर तो थांबतो. आपला भाऊ शेजारी उभा आहे असं वाटतं ती अथीनाची माया होती, हे उमगतं, मरण अटळ आहे हेही, आणि तेव्हाच तो तलवार उपसून झेपावतो. तिकडे घरात त्याची बायको अँड्रोमाकी दासींना त्याच्या अंघोळीसाठी पाणी तापवायला सांगत असते.

जवळच्याचा मृत्यू इतक्या काव्यांत का येतो?

आपणही मरणार, हे वीराला तिथे अंगावर येऊन कळतं म्हणून. गिल्गमेश दोन तृतीयांश देव आणि एक तृतीयांश माणूस, उरुकचा राजा, आजच्या इराकमधला. जिवलग मित्र एन्किडू मेल्यावर तो प्रेत सोडत नाही, नाकातून अळी पडेपर्यंत. मग तो अमरत्व शोधायला निघतो. अमरत्व मिळालेला उतनपिश्तिम त्याला म्हणतो, सहा दिवस आणि सात रात्री जागून दाखव. गिल्गमेश लगेच झोपतो. नाकबूल करू नये म्हणून रोज एक भाकरी उशाशी ठेवली जाते. जागा होतो तेव्हा पहिली वाळून कडक झालेली, मधल्या बुरसटलेल्या, शेवटची अजून निखाऱ्यावर. मरणाला जिंकायला निघालेल्याला झोप जिंकता येत नाही.

स्त्रियांना वीर म्हणता येईल का?

द्रौपदीला नक्कीच. सभेत ओढायला आलेल्या दूताला ती परत पाठवते: आधी स्वतःला हरलास की मला, हे त्या जुगाऱ्याला विचारून ये. भीष्मांना उत्तर देता येत नाही. धृतराष्ट्र वर देतो तेव्हा ती दोनच घेते, युधिष्ठिराची सुटका आणि मग उरलेल्या चौघांची शस्त्रांसह. तिसरा नाकारते. बुडणाऱ्या पांडवांना ही नाव झाली, असं म्हणणारा कोण? कर्णच. भीमाला ते वाक्य झोंबतं.

रामाबद्दल इथे एवढं कमी का?

रामायणाची वाटच उलटी आहे. ‘को न्वस्मिन् साम्प्रतं लोके गुणवान् कश्च वीर्यवान्’, असं वाल्मीकी नारदाला विचारतो; गुणांची यादी आधी, माणूस मागाहून. त्यासाठी स्वतंत्र प्रश्नावली हवी.

महाभारताचा मुख्य रस वीर आहे ना?

नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनाचं उत्तर आहे: शांत. शेवटाकडून मागे पाहिलं तर त्याचं म्हणणं पटतं. महाप्रस्थानात द्रौपदी आणि चार भाऊ एकेक करून पडतात, अर्जुनाचं कारण तर सरळ त्याच्या वीरपणातून येतं: एका दिवसात सगळे शत्रू जाळीन असं तो म्हणाला होता, आणि ते केलं नाही. उरतो युधिष्ठिर आणि एक कुत्रा.

या कल्पनेची खूण महाराष्ट्रात कुठे दिसते?

वीरगळात. गावच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, कधी शेंदूर फासलेला असा उभा दगड असतो. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई आणि मरण, पुष्कळदा गाई, कारण गोधन राखताना मेलेल्यांचे वीरगळ बरेच. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला नेताना. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेतो कीर्ती राहो. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर इथले वीरगळ अवश्य पाहा. त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. दगड उभा आहे, पण नाव सांगणारा गायक गेला.

सुरुवात कुठून करावी?

सगळं पहिल्या पानापासून वाचायचा निश्चय बहुधा आदिपर्वातल्या वंशावळीत आणि इलियडच्या दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीत बुडतो. त्याऐवजी इलियडचे सर्ग १, ६, ९, १६, २२ आणि २४ आधी वाचा, मग मधले भरा. महाभारतात सभापर्वातलं द्यूत, वनपर्वातलं कुंडलाहरण, उद्योगपर्वातला कृष्ण-कर्ण संवाद, द्रोणपर्वातला अभिमन्यू, मग सौप्तिक, स्त्री आणि शेवटची तीन पर्वं. स्त्रीपर्व वगळू नका. रणांगणावर प्रेतांमधून फिरणारी गांधारी आपल्या आणि परक्या, दोन्हीकडच्या वीरांवर रडते.

अकिलीजची टाच आणि लाकडी घोडा इलियडमध्ये शोधू नका. टाचेची कथा बरीच नंतरची आहे आणि घोडा ओडिसीत येतो. दहा वर्षांच्या युद्धातल्या सुमारे पन्नास दिवसांपुरतं इलियड आहे. अकिलीजच्या रागापासून ते सुरू होतं आणि त्याने मारलेल्या माणसाच्या अंत्यविधीपाशी थांबतं: हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री एकटा तंबूत येतो, आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो, आणि दोघंही रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. मग जेवतात.